चाक फिरतं, रान सोडत नाही

सोलापूरहून विजापूर रस्त्याला लागलं की वडकबाळजवळ सीना ओलांडावी लागते. पुढे तेरा मैलाचा फाटा, मंद्रूप, मग टाकळीजवळ भीमा आणि भीमेपलीकडे कर्नाटक. दोन नद्यांच्या बेचक्यातला हा पट्टा. मधूनच एखादा मुरमाड माळ सोडला तर नदीकाठच्या बाजूला सगळं रान काळं आणि खोल. सीना आणि भीमा हत्तरसंग कुडलला एकत्र येतात. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा मराठी शिलालेख पाहायला भाषेचे अभ्यासक येतात. मी त्याच रस्त्याने बरीच वर्षं जातो ते रुतलेले ट्रॅक्टर पाहायला. घरच्यांना हा छंद विचित्र वाटतो. पण या पुस्तिकेतलं बहुतेक सगळं मी अशा ट्रॅक्टरांभोवती उभं राहूनच शिकलो आहे, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता आणि कारखान्याचं गाळप सुरू झालं होतं. मंद्रूपच्या शिवारातच एका उसाच्या फडात ट्रॉली भरून तयार होती. जोडीची दुसरी ट्रॉली ड्रायव्हरने शहाणपणाने रस्त्यावरच ठेवली होती. एक भरायची, बाहेर काढायची, मग दुसरी आत न्यायची असा बेत. ट्रॅक्टर पन्नास एचपीचा, टायर जवळपास नवे. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रॉली दोन हात सरकली आणि थांबली. सायलेन्सरातून काळा धूर निघाला, मागची चाकं जागेवर फिरू लागली, फडात काम करणाऱ्या बायकांच्या अंगावर चिखलाचे गोळे उडाले. ड्रायव्हरने अ‍ॅक्सिलेटर आणखी दाबला. मिनिटभरात टायर वीतभर खाली गेले, तीन मिनिटांत ट्रॅक्टरचं पोट जमिनीला टेकलं.

"आता बसला बगा," मुकादम म्हणाला. आमच्याकडे ट्रॅक्टर रुततो, फसतो, पण पोट टेकलं की तो 'बसतो'. एकदा बसला की तो आपणहून उठत नाही.

मग ओढायला दुसरा ट्रॅक्टर आला. तो पहिल्याच्या पुढे उभा राहिला, साखळी बांधली आणि दहा मिनिटांत तोही बसला. वजन वाढावं म्हणून चार पोरं मागच्या हायड्रॉलिकच्या दांड्यांवर चढली होती. त्यांना खाली उतरवण्यासाठी मला आवाज चढवावा लागला. तिसरा ट्रॅक्टर आला तेव्हा मालक कंटाळून बांधावर बसला होता. शेवटी संध्याकाळी पोकलेन आणलं, ट्रॉली अर्धी रिकामी केली आणि तिन्ही यंत्रं बाहेर निघाली. त्या फडात चार खोल चऱ्या राहिल्या. पुढच्या वर्षी खोडव्यात त्या चऱ्यांवरचा ऊस गुडघाभर कमी होता, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

त्या दिवशी बांधावर जमलेल्या प्रत्येकाचं मत एकच होतं: ट्रॅक्टर कमी ताकदीचा पडला. साठ एचपीचा असता तर निघाला असता. ही पुस्तिका लिहायला घेतली ती या एका वाक्यासाठी. कारण ते चूक आहे, आणि चूक का आहे हे बोटांवर मोजून दाखवता येतं.

आधी ट्रॉली पाहू. एका ट्रॉलीत अंदाजे दहा टन ऊस आणि ट्रॉलीचं स्वतःचं दोन टन, म्हणजे बारा टन. डांबरी रस्त्यावर इतकं वजन ओढायला तीनशे किलोचा ओढ पुरतो. म्हणूनच ड्रायव्हर दोन-दोन ट्रॉल्या लावून गाणी ऐकत कारखान्याला जातो. पण तीच ट्रॉली मऊ रानात आली की तिची चाकं जमिनीत उतरतात आणि प्रत्येक चाकाला आपल्यापुढचा मातीचा उंबरा सतत चढत राहावं लागतं. मग वजनाच्या चौथ्या हिश्शाइतका ओढ लागतो, म्हणजे तीन टन. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आहे दोन-सव्वादोन टन. आपल्या वजनापेक्षा जास्त ओढ ओल्या रानात कुठलाही चाकांचा ट्रॅक्टर देत नाही. अर्धा दिला तरी पुष्कळ. ट्रॉली हलणार नाही हे ती भरायला लागायच्या आधीच ठरलं होतं.

आता खुद्द ट्रॅक्टर. मागचं एक टायर जमिनीला साधारण दीड हजार चौरस सेंटिमीटर टेकतं असं धरा, म्हणजे दोन्ही मिळून तीन हजार. ओल्या भारी काळ्या मातीची तुटेपर्यंतची पकड चौरस सेंटिमीटरला दोनशे ग्रॅम धरू. गुणाकार होतो सहाशे किलो. टायरच्या दातांमध्ये अडकलेली माती खालच्या मातीपासून सुटून येईपर्यंत एवढाच ओढ मिळणार. यात इंजिनाचा आकडा कुठेच आला नाही. पस्तीस एचपी असो की पंचावन्न, माती सहाशे किलोलाच तुटणार. ताशी तीन किलोमीटरने सहाशे किलो ओढायला सात एचपीसुद्धा लागत नाहीत. पन्नासातले उरलेले त्रेचाळीस एचपी काय करतात? चिखल घुसळतात.

आणि वजन? वाळूत वजन वाढवलं तर पकड वाढते, कारण कणावर कण घासतो. पाणी पिऊन फुगलेल्या चिकणमातीत तसं होत नाही. वरून दाबलेला भार मातीच्या बारीक छिद्रांमधलं पाणी झेलतं. ते पाणी चाक पुढे जाईपर्यंतच्या एक-दोन सेकंदांत बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे कण एकमेकांवर दाबले जात नाहीत. म्हणून हायड्रॉलिकवर चढलेल्या पोरांनी ओढ जवळजवळ वाढत नाही, रुतणं तेवढं वाढतं. वाळूसाठी वजन, चिकणमातीसाठी रुंदी. कूलम्ब नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने १७७३ साली किल्ल्यांच्या भिंतींमागच्या मातीचा विचार करताना हे दोन भाग वेगळे केले: कणांची एकमेकांना चिकटून राहण्याची ताकद निराळी आणि भाराने येणारी घासण्याची ताकद निराळी. आपल्या रानात पावसाळ्यात पहिलीच काय ती उरते, आणि तीही पाण्याबरोबर घटत जाते.

ही माती अशी का, याचं उत्तर तिच्या जन्मात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. त्या काळ्या दगडाच्या झिजेतून ही जमीन झाली. तिच्यातल्या चिकण कणांमध्ये माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. नाव फ्रान्समधल्या एका गावाचं, पण त्याचा खरा पसारा आपल्याकडे. पुस्तकाची पानं एकमेकांवर असावीत तशी त्याची रचना असते आणि पाणी पानापानांच्या मध्ये शिरतं. या शुद्ध खनिजाच्या एका ग्रॅममध्ये अशा पानांचा पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत भरतो. कोकणातल्या तांबड्या मातीत कण वेगळ्या जातीचे असतात, पाणी त्यांच्या आत शिरत नाही. म्हणून तिथली वाट पावसातही पायाखाली टिकते आणि आपल्याकडे चप्पल दर पावलाला अर्ध्या किलोने जड होते.

हीच जमीन उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, इतकी की काठी घातली तर हातभर आत जाते. वरची ढेकळं भेगेत पडतात, पावसाळ्यात माती फुगते, खालची वर सरकते. शास्त्रज्ञ तिला ज्या नावाने ओळखतात त्या 'व्हर्टिसॉल'मध्ये उलटण्याचा अर्थ असलेला लॅटिन धातू आहे: स्वतःच स्वतःला नांगरणारी जमीन. आमच्या गावात घरोघरी कानडी बोललं जातं, तिथे अशा रानाला एरी म्हणतात. मराठीत काळी म्हणतो, भारी म्हणतो. पाणी देऊन देऊन बिघडली की चिबड किंवा चोपण म्हणतो. चोपणीत सोडियम वाढतं, कण एकमेकांना सोडून पाण्यात विरतात, निचरा बंद पडतो. तिथे तर ऊन पडून आठ दिवस झाले तरी ट्रॅक्टर घालू नये.

ओल आणि ताकद यांचं नातं सांगणारा एक शब्द आपल्याकडे तयार आहे, तो म्हणजे वाफसा. या पुस्तिकेतले निम्मे प्रश्न त्या एका शब्दात सुटतात. वाफसा म्हणजे ओल असणं नाही आणि कोरडेपणाही नाही. मातीत हवा आणि पाणी दोन्ही नांदतात, फण गेला तर माती भुसभुशीत सुटते, पाय ठेवला तर चिकटत नाही, अशी ती वेळ. वाफसा पाहायची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. चार बोटं खालची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर औत घाला. चेपून पसरला तर घरी जा.

स्वीडनमध्ये ॲटरबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने १९११ साली चिकणमातीच्या अवस्था ठरवल्या आणि त्यासाठी माती तळहाताखाली वळून तिची दोरी केली. दोरी बारीक होत तुटू लागली की माती कुसकरणारी, तुटलीच नाही तर लोण्यासारखी. आज जगभरच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत ही दोरी तीन मिलिमीटरला मोजतात. आपला लाडू आणि त्याची दोरी एकच प्रश्न विचारतात: ही माती भार आला तर तुटेल की वाहील? लाडू जुना की दोरी, या वादात मी पडत नाही. मला खंत एवढीच की कृषी पदविकेला शिकणाऱ्या पोरांना दोरी पाठ असते आणि लाडू करून पाहायची लाज वाटते.

भारी काळ्या जमिनीची अडचण अशी की तिचा वाफसा फार थोडे दिवस टिकतो. हलक्या रानात पावसानंतर दुसऱ्या दिवशी औत चालतं आणि पुढेही बरेच दिवस चालतं. काळ्या रानात आठ-दहा दिवस चिखल, मग चार-पाच दिवस वाफसा, मग दगडासारखी ढेकळं. रब्बी ज्वारीची पेरणी बहुतेक उत्तरा-हस्तात होते आणि आपल्याकडे मोठा पाऊसही बऱ्याच वर्षी नेमका सप्टेंबरातच पडतो. म्हणजे ज्या पंधरवड्यात रानात शिरायची घाई असते त्याच पंधरवड्यात रान आत घेत नाही. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. त्यातला मोठा भाग ओल कशी धरून ठेवायची यावर आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण आपल्याकडे पाण्याचा दुष्काळ मोठा. पण ओल जास्त झाली तर यंत्राने काय करायचं, हा प्रश्न ट्रॅक्टर गावोगाव पोचल्यावर उभा राहिला. बैलाच्या काळात तो इतका टोकाचा नव्हता.

बैलाचा विषय निघालाच तर थोडं थांबतो. चारशे किलोच्या बैलाचे खूर लहान असतात, आणि चालताना भार दोन-तीन खुरांवरच असतो. हिशेब केला तर बैल जमिनीला ट्रॅक्टरच्या टायरपेक्षा जास्तच दाबतो. तरी तो चिखलातून निघतो आणि ट्रॅक्टर बसतो. बैलाचा पाय फिरत नाही, तो उचलला जातो आणि नव्या जागी पडतो. दुभंगलेला खूर दाबताना फाकतो आणि उचलताना मिटतो, त्यामुळे कडेने हवा आत जाते आणि चिखलाची ओढ सुटते. बुटासकट पाय चिखलात अडकल्यावर आपला बूट मागे राहतो, तो या ओढीमुळेच. चाकाला ही सोय नाही. चाक आपण मोडलेल्या मातीवरच पुन्हा उभं राहतं.

इथे या पुस्तिकेतले दोन शब्द सांगून ठेवतो. चाक जितकं फिरलं तितकं अंतर गाडी कापत नाही, त्या तुटीला मी 'घसर' म्हटलं आहे. चाक जमिनीत जितकं खाली जातं त्याला 'रुत'. पुस्तकी मराठीत सर्पण, निमज्जन असे शब्द सापडतील. ते शब्द मी वापरले असते तर ही पुस्तिका गावात कुणी उघडली नसती. घसर आणि रुत वेगवेगळ्या मोजता येतात, पण प्रत्यक्षात एक दुसरीला वाढवते. चाक घसरलं की टायरचे दात खालची माती खरवडून मागे फेकतात, तेवढा खड्डा होतो. खड्ड्यात चाक उतरलं की पुढचा उंबरा उंच होतो, तो चढायला जास्त ओढ लागतो, म्हणून घसर आणखी वाढते. फडातल्या त्या तीन मिनिटांत हेच चाललं होतं. शिवाय काळी माती दातांमध्ये गच्च बसते आणि टायर गुळगुळीत गोल होतो. नवा टायर असून उपयोग होत नाही तो याच क्षणी.

थोडी घसर हवीच. अजिबात घसर नसेल तर ओढच तयार होत नाही, कारण माती किंचित सरकल्याशिवाय तिची ताकद जागी होत नाही. नांगरटीला शंभरात दहा-पंधरा घसर चांगली. वीसच्या पुढे गेली की डिझेल चिखलात ओतायला सुरुवात झाली असं समजा. तीसला पोचली तर चाकापर्यंत आलेल्या ताकदीतली तीसाला तीस टक्के वाया.

ट्रॅक्टर विकत घेताना हे कुणी सांगत नाही, आणि त्याला एक साधं कारण आहे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथल्या अहवालात ओढाचे आकडे असतात आणि ते काँक्रीटच्या धावपट्टीवर घेतलेले असतात. त्यात गैर काही नाही. दोन ट्रॅक्टरांची तुलना करायची तर दोघांना जमीन एकच हवी, आणि जगभर हेच करतात. पण शोरूममध्ये त्या आकड्याखाली 'काँक्रीटवर' हा शब्द राहून जातो.

मग पट्ट्याचा ट्रॅक्टर का नको, असं पुष्कळ जण विचारतात. पट्टा, म्हणजे पोकलेनला असते तशी चेन. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची नदीमुखाची जमीन दलदलीची होती. तिथे बेंजामिन होल्ट आपली वाफेची ट्रॅक्टरं विकत होता आणि ती रुतत होती. त्याने आधी चाकं रुंद केली, आणखी रुंद केली, इतकी की यंत्र रस्त्यावरून नेणंच अशक्य व्हायला लागलं. मग नोव्हेंबर १९०४ मध्ये त्याने मागची चाकं काढली आणि त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवले. यंत्र जणू आपला रस्ता आपल्यापुढे अंथरत गेलं आणि मागून गुंडाळत आलं. कॅटरपिलर हे नाव तिथलं. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांनी तीच युक्ती उचलली. पुढे बेकर नावाच्या पोलिश इंजिनिअरने मऊ जमिनीवरच्या चालीचं शास्त्रच मांडलं. त्याचा ग्रंथ १९५६ चा. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली तिच्या चाकांमागे त्याचं काम होतं. तरीही २००९ मध्ये मंगळावर 'स्पिरिट' ही अमेरिकेची गाडी मऊ मातीत बसली आणि कायमची बसली. तिला ओढायला दुसरा ट्रॅक्टर नव्हता.

पट्ट्याने भार पसरतो, रुत कमी होते, हे खरंच. पण पट्टा महाग, डांबरी रस्त्यावर लवकर झिजतो, वळताना रान कुसकरतो, आणि आपला ट्रॅक्टर वर्षातले निम्मे दिवस रस्त्यावरच असतो. पोकलेनही काळ्या चिखलात फसतं. फक्त त्याच्याजवळ हात असतो. बकेट पुढे टेकवून ते स्वतःला ओढून काढतं. एकरी दोन-चार कामं करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला मी पट्टा घ्या असं सांगणार नाही. टायरमधली हवा कमी करा, हे सांगेन. मागच्या टायरात शेतकामाला बारा ते सोळा पौंड हवा पुरते. बहुतेकांच्या टायरात ती ट्रॉली ओढायच्या हिशेबाने भरलेली असते आणि नांगरटीला कुणी काढत नाही, कारण परत भरायला कॉम्प्रेसर फाट्यावर. ट्रॉलीच्या टायरचं तर बोलायलाच नको. ती ट्रकची टायरं, अरुंद आणि दगडासारखी फुगवलेली, रस्त्यासाठी केलेली. फडात आधी ट्रॉली रुतते, ट्रॅक्टर मागाहून. शिव्या मात्र ट्रॅक्टर खातो.

आता स्वतःची एक चूक कबूल करतो. एका सप्टेंबरात, ज्वारीची पेरणी पुढे चालली म्हणून, मी घरच्या दीड एकरात रोटाव्हेटर घातला. लाडू चेपून पसरत होता, तरी घातला. ट्रॅक्टर अडला नाही, घसरला नाही, उलट आपणहून पुढे पळत होता. मला वाटलं जमलं. रोटाव्हेटरची पाती पुढच्या दिशेने फिरतात आणि जमिनीला मागे ढकलतात, म्हणजे तीच ट्रॅक्टरला पुढे लोटतात. नांगराला ओढ लागतो, रोटाव्हेटरला तो लागतच नाही. ओल्या रानात नांगर धरला असता तर चाकं फिरली असती आणि मी मुकाट घरी गेलो असतो. घसर हा जमिनीचा नकार असतो, आणि रोटाव्हेटर तो नकार ऐकूच देत नाही. वरची पाच बोटं माती लाडवाच्या पिठासारखी झाली आणि त्याखाली पात्यांनी माती चोपडून गुळगुळीत थर केला, सारवल्यासारखा. ज्वारीची मुळं त्या थरावर आडवी पसरलेली मी उपटून पाहिली. माळदांडी होती, एरवी खोल ओलीवर कणसं भरणारी. त्या वर्षी ती कमरेला लागली. काळी जमीन भेगाळून बरीचशी दुरुस्त होते म्हणतात, आणि होतेही. पण माझ्या त्या तुकड्याला दोन उन्हाळे लागले.

म्हणून ड्रायव्हरला दोष देणाऱ्यांशी माझं जमत नाही. एकराच्या दराने काम करणाऱ्या ड्रायव्हरला आज थांबून परवा यायला परवडत नाही. परवा त्याला दुसऱ्या गावाने बोलावलेलं असतं. ऊस तोडून पडला की वजन घटत जातं, मुकादमाला टोळी रिकामी बसवून चालत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना-भीमेकाठची रानं पाण्याखाली गेली, तेव्हा तर पाणी ओसरताच जो तो जमेल तसा आत शिरला. रुतलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे कुणाची तरी अशी घाई असते आणि ती बऱ्याचदा खरी असते. थांबा एवढाच सल्ला द्यायचा असता तर पुस्तिकेची गरज नव्हती. थांबता येत नसेल तेव्हा काय करायचं, हे सांगणारी प्रकरणं मी मुद्दाम लांबवली आहेत.

त्यातली एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चाकांसाठी रानात कायमची वाट ठरवा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. आज सोयाबीन पेरणारे तिला बीबीएफ म्हणतात. तिचं पाण्याचं गणित सगळे सांगतात. चाकांचं गणित कुणी सांगत नाही: दरवर्षी टायर त्याच सरीत जातात, त्यामुळे दाबली जाते ती फक्त सरी. ती कडक होते आणि ट्रॅक्टरला टेकू देते, वरंबा मोकळा राहतो. उसातही फडाच्या एका बाजूने पट्टा सोडून तिथेच ट्रॉली उभी करायची आणि मोळ्या डोक्यावरून तिथपर्यंत आणायच्या, असं करणारे दोघे-तिघे मंद्रूपला आहेत. मोळी वाहणाऱ्या बाईला त्यासाठी जास्त पैसे द्यावे लागतात. ते द्यावेत.

आणि एक धोक्याची सूचना. रुतलेलं चाक सोडवायला टायरला आडवं लाकूड साखळीने बांधायची पद्धत आपल्याकडे आहे. लाकूड जमिनीत अडकलं, चाक फिरेना आणि इंजिन जोर लावत राहिलं, की चाकाऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. पुढचं टोक उचललं गेल्यापासून परतायची वेळ संपेपर्यंत एक सेकंदही जात नाही. क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं झालेलं असतं. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचं असेल तर त्याची साखळी खालच्या हुकाला बांधा, टॉपलिंकच्या जागी कधीही नाही. शक्यतो आलेल्या वाटेनेच मागे काढा. आणि सगळ्यांत आधी ट्रॉली सोडा. ट्रॉली सोडणं अपमानाचं समजणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत.

पुस्तिका वाचायला घेण्याआधी एक काम करा. मागच्या टायरच्या बाजूला चुन्याची रेघ मारा. नांगर उचलून, रिकाम्या ट्रॅक्टरने, रेघ दहा वेळा खाली येईपर्यंत चालवा आणि अंतर पावलांनी नाही, टेपने मोजा. मग त्याच रानात नांगर टाकून पुन्हा दहा फेरे. पहिलं अंतर चाळीस मीटर आणि दुसरं चौतीस भरलं, तर तुमची घसर शंभरात पंधरा. हे वाफशावर एकदा करा आणि पावसानंतर चौथ्या दिवशी, जमलं तर, पुन्हा करा. आकडे लिहून ठेवायला शेवटच्या पानावर कोरा तक्ता दिला आहे. त्यात रानाचं नाव, तारीख आणि लाडू फुटला की पसरला, एवढं लिहायची जागा आहे.